नवीन मालिका येतेय? मत आधीच तयार ठेवा

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की मालिकेवर बोलायला मालिका बघावी लागते. काही गरज नाही. प्रोमो पुरतो, तोही म्यूट करून. मुलगी पूजेचं ताट घेऊन घाईघाईत चाललीय, समोरून मोठी गाडी येते, ताट उडतं, कुंकू त्याच्या पांढऱ्या शर्टावर, झालं. लगेच लिहून टाका, 'शी, तेच ते'. पहिल्या पाच मिनिटांत टाका बरं का, नंतर गर्दीत हरवतं आणि एवढ्या तळमळीने वैतागून उपयोग काय मग.

त्याखालोखाल 'साऊथची कॉपी आहे' हे बिनधास्त ठोकून द्या, चुकायचे चान्सेस कमी. 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून आलेली, 'सहकुटुंब सहपरिवार' तमिळमधून, 'ठरलं तर मग' पण तमिळच. साऊथ नाही निघाली तर बंगाल म्हणा. 'आई कुठे काय करते' तिकडचीच ना, तिथली श्रीमयी आपल्याकडे अरुंधती झाली, हिंदीत जाऊन अनुपमा झाली आणि नवरा तिन्ही भाषांत तसलाच, बाहेर लफडं करणारा. खुर्चीतून न उठता भारतदर्शन, आणि तरी लोक नावं ठेवतात.

जुना काळ काढायचा विसरू नका. 'आमच्या वेळी आभाळमाया होती हो' असं म्हणून उसासा सोडायचा, 1999 साल, अल्फा मराठी म्हणजे आताचं झी मराठी, डोळे जरा ओले झाले तर चालतील. फक्त त्याच श्वासात 'चार दिवस सासूचे'चं नाव घेऊ नका. चार दिवस म्हणता म्हणता ती 2001 ला सुरू होऊन 2013 ला संपली, तीन हजारांच्या वर भाग, आणि ते कुणीतरी बघितलेच असणार ना, आमच्याकडे तर कुकर कधी लावायचा ते त्या मालिकेवर ठरायचं. पण आपण म्हणायचं काय, की पूर्वीच्या मालिका कशा आटोपशीर असायच्या.

लॉजिक मात्र शोधू नका, त्रास होतो. 'रंग माझा वेगळा'मधला कार्तिक स्वतः डॉक्टर, मुली आपल्या की नाही हा संशय, आणि डीएनए टेस्ट सोडून बाकी सगळं झालं त्या घरात, शेवटी प्रेक्षकच ओरडायला लागले की बाबा टेस्ट कर, पैसे आम्ही भरतो. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या गरोदरपणाचे महिने तर लोक बोटांवर मोजत बसले होते, बोटं संपली. आणि 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली, गुरुनाथची ती बाहेरची शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका सुनील. दोनदा चेहरा बदलला आणि गुरुनाथला काही जाणवलं नाही. अर्थात त्याला बायकोसुद्धा कुठे दिसत होती म्हणा.

आता समजा चुकून बघायची वेळ आलीच तर एकट्याने बघू नका, आईबरोबर बघा. माझी आई मेथी निवडत बसते, मान खाली, पण तिला सगळं दिसतं. काल एका नव्या मालिकेत भलंमोठं खानदान नाश्त्याला बसलेलं, मोजून अकरा माणसं, पुढ्यात पोहे, आणि कारस्थान रंगात आलेलं. मी आपला गुंग. आई म्हणाली, "ती मोठी जाऊ बघ, केव्हाची चमचा फिरवतेय, घास एक नाही खाल्ला. लिंबाची फोडसुद्धा तश्शीच आहे." मग थोड्या वेळाने, "अकरा माणसं आणि सकाळच्या वेळी एकजण आंघोळीला गेलेला नाही. बाथरूम आहे का रे यांच्याकडे?" मी बघायला लागलो तर खरंच, जिना आहे, झोपाळा आहे, तुळशीवृंदावन आहे, माणसांपेक्षा उंच समई आहे, बाथरूमचं दार कुठे नाही. त्यानंतर मला कारस्थान काय होतं ते विचारू नका.

शिव्या मात्र मोकळ्या मनाने घाला, त्याने चॅनेलला धडा मिळतो असं आपण मानतोच. टीआरपी ज्यावर ठरतो ते बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे मीटर देशभरातल्या पन्नासेक हजार घरांत बसवलेत, मालिकेच्या आवाजात एक खूण दडवलेली असते, ती ऐकून मीटरला कळतं की इथे अमुक चॅनेल चालू आहे. तुम्ही समोर बसून काय बोलताय हे त्याला कळत नाही. म्हणजे मीटरवाल्या घरातली एखादी काकू अर्धा तास 'काय हा मूर्खपणा' म्हणत बसली तरी तो अर्धा तास पूर्ण धरला जातो, अगदी भक्तिभावाने बघितल्यासारखा. आणि तुमच्या आमच्या घरी तर मीटरच नाही, आपण तर फुकटच वैतागतोय. तरीही सोडू नका, सवय मोडते.

तर काल तो भाग संपला. आई म्हणाली, "फालतूपणा आहे नुसता, बंद कर." मी रिमोट उचलला.

"थांब जरा, उद्याचं दाखवतील ना आता."

दाखवलं. तेच टेबल, त्याच अकरा जणांचे वासलेले डोळे, तेच पोहे. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि चष्मा लावून पुढे वाकली.

"बघ. अजून पिळलं नाही लिंबू."