काळं अंडरसील म्हणजे झाकली मूठ

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दलचा एक मेसेज इंग्लंडातल्या मराठी मंडळींच्या फोनवर फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली "घेऊ का?" असंही विचारलं. सारांश असा: चाळीस वर्षांवरची गाडी घ्या, रोड टॅक्स नाही, एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची दरवर्षीची तपासणीही नाही. खालून काळं अंडरसील, म्हणजे गंज रोखायचा डांबरी लेप, मारलेलं असलं की गंजाची चिंता मिटली. रंगाला फोड दिसले तर भाव पाडा, शंभर पौंडांत काम होतं. मग कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेवा.

टॅक्सचं खरं आहे. एमओटीचं अर्धं खरं आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना तपासणीची सक्ती नाही. पण धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात गाडीच्या वयाची सूट नाही. उलट सक्ती नसल्यामुळे कित्येक गाड्यांच्या पोटाखाली वर्षानुवर्षं कुणी डोकावलेलंच नसतं. विकणारा तपासणी करून द्यायला तयार नसेल, तर मी तिथूनच परत फिरेन.

आता अंडरसील. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. तिला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. उघड्या टपाच्या गाडीत तर दाराखालच्या उंबरठ्यावर, म्हणजे सिलवर, गाडीची कंबर उभी असते. हा उंबरठा म्हणजे बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि खालची, कॅसल सेक्शन म्हणतात ती पट्टी यांची मिळून झालेली बंद पेटी. पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ या पेटीत शिरतं, पुढच्या चाकामागे साठलेला चिखल महिनोन् महिने ओला राहतो, आणि पत्रा आतून सडायला लागतो. बाहेरून फासलेलं डांबरी अंडरसील तिथे पोचतच नाही. शिवाय ते वाळून कडक होतं, तडकतं, आणि फटीतून गेलेलं पाणी लेपामागे अडकून बसतं. वरून तुकतुकीत काळं, आत पापुद्रे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच, फक्त सव्वा लाख आपल्या खिशातून जातात. ताजं, सगळीकडे सारखं अंडरसील दिसलं की मला तरी आनंद होत नाही. मी विचारतो, कालच का मारलं?

फोडांबद्दलचा सल्ला सगळ्यांत महागात पडणारा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला ढकलून वर येतो. दारामागे, मडगार्डच्या खालच्या टोकाला फोड आला, तर बहुधा गंज आतून बाहेर आलेला असतो. घासून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारला की सहा-आठ महिने छान दिसतं. वरून कीर्तन, आतून तमाशा. खरं काम करायचं तर बाहेरचा सिल बदलावा लागतो, आणि तो पुढच्या-मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत गेलेला असल्यामुळे मडगार्डचा खालचा भागही कापावा लागतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करून मोकळे होतात.

बघायला जाताना मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. लांबी जाड असेल तिथे ते धरणार नाही. मग मालकाच्या परवानगीने जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावून एक बाजू उचला आणि दाराची फट बघा. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर कंबर गेलेली आहे. सीटखालचा कार्पेटही उचला. पुढच्या काचेखालच्या जाळीतून हीटरकडे गेलेलं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की पाणी आत येतं. जपानी गाडी घेतली की सुटलो, असंही नाही. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये टपाचं पाणी नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात आणि मागचे सिल असेच जातात.

कव्हरचं म्हणाल, तर गॅरेज कोरडं आणि हवेशीर असेल तर उत्तम. पण ओली, मीठ लागलेली गाडी प्लास्टिकच्या कव्हराखाली ठेवणं म्हणजे ओले कपडे ट्रंकेत भरणं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि कव्हराखाली ती सहज तेवढी होते. आमच्या शेजाऱ्याची गाडी मात्र उघड्या बाजूंच्या शेडमध्ये मजेत आहे.

लेप हवाच असेल तर मेणाचा, वॅक्सॉइलसारखा, आणि तो आतून. उन्हाळ्यात, पत्रा आठवडाभर कोरडा राहिल्यावर. आधी चाकांमागचा चिखल पाइपने धुवायचा, सिलखालची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करायची, मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करायचा आणि लांब नळीने पेटीच्या आत फवारायचा. त्याच भोकांतून मेण ठिबकायला लागलं की पोचलं म्हणायचं. ठिबकणं दोन दिवस चालतं, खाली पुठ्ठा अंथरा.