पाळी गेली, म्हणून काय काय गेलं?

नवरात्र संपल्यापासून वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: पन्नाशीत पाळी गेली की हार्मोन संपतात, त्याबरोबर शरीरसंबंधाची इच्छाही संपते, उरलीच तर तो विकार समजावा, हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, आपल्या आज्यांना यातलं काही झालं नव्हतं, तेव्हा बाईनं आता स्वतःचे लाड सोडून नामस्मरणात रमावं. नामस्मरणाशी माझं भांडण नाही. बाकीच्याशी आहे.

‘पन्नाशीत हार्मोन संपतात.’ पन्नास-एक्कावन्न ही पाश्चात्त्य देशांतली सरासरी. भारतात ती 46-47 च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं हार्मोन सरळ उतरत नाहीत, वरखाली हेलकावे खातात. सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच ती गेली म्हणायची. तोवर दिवस राहू शकतात, हे चाळिशी उलटलेल्या कितीतरी जणींना कोणी सांगतच नाही. पुढे इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, खूप कमी होतं, पण चरबीच्या पेशींत ते थोडंफार तयार होत राहतं. पुरुषी समजलं जाणारं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन बायकांच्या अंगातही असतं. ते तरुणपणापासूनच हळूहळू उतरत आलेलं असतं, पाळी थांबली म्हणून एकदम कोसळत नाही. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र कोसळतं. म्हणून गर्भाची पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर अंडाशयंही काढणार का आणि कशासाठी, हे आधी विचारून घ्यावं.

‘इच्छा संपते.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं केलंय. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंधाच्या वेळी दुखतं, आग होते. दुखणार हे माहीत असलं की बाई टाळते. नवऱ्याला वाटतं, हिला नको झालंय. दोन-तीन वर्षांत तिलाही तसंच वाटू लागतं. मूळ तक्रार कोरडेपणाची होती, ती तशीच राहते. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात, कोरडेपणा आपोआप जात नाही, उलट वाढतो. पुन्हा पुन्हा होणारी लघवीची जळजळ आणि इन्फेक्शन यांचंही तेच कारण असू शकतं, आणि आपण अँटिबायोटिकचे कोर्स करत बसतो.

याला उपाय आहेत, तेही साधे. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित जेल, जी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. (खोबरेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तेलानं निरोध फाटू शकतो.) आठवड्यातून काही वेळा लावायचं योनीसाठीचं मॉइश्चरायझर. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम. ते जागेवरच काम करतं, रक्तात अगदी थोडं जातं.

इच्छा खरोखर कमी होते का? काहींची होते. पण त्यात तुटलेली झोप, मधुमेह, नैराश्यावरच्या काही गोळ्या, आणि नवऱ्याशी असलेलं नातं, सगळं मोजावं लागतं. काहींची वाढतेही, कारण दिवस राहण्याची धास्ती गेलेली असते आणि शेजारच्या खोलीत अभ्यास करणारी मुलं पुण्या-बंगळूरला असतात. सुखासाठी नवरा लागतोच असंही नाही. स्वतःच्या हातांनी ते मिळवण्यात शरीराला कसलाही अपाय नाही. डॉक्टरांकडेही या विषयाचं घोर दुर्लक्षच होतं. क्लिटॉरिसचा, म्हणजे बाईला लैंगिक सुख देणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग शरीराच्या आत असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदनातून तपशीलवार मांडलं ते 1998 मध्ये!

‘उरलीच तर तो विकार.’ साठीची बाई रात्री बारापर्यंत गरबा खेळली की हेच ग्रुप तिचे व्हिडिओ कौतुकानं फिरवतात. अंगातला आनंद मैदानात चालतो, घरात चालत नाही, असं दिसतं.

‘गोळ्यांनी कॅन्सर होतो.’ ही भीती 2002 मध्ये थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि गोळ्या इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टेरॉनच्या एका विशिष्ट जोडीच्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरची वाढ दिसली, पण ती वर्षाला दर 10,000 बायकांमागे सुमारे 8 जणींची. गर्भाशय काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या दुसऱ्या गटात ती वाढ दिसलीच नाही. म्हणून गोळ्या सगळ्यांनी घ्याव्यात असं नाही. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. पण पाळी जाऊन 10 वर्षं झालेली नाहीत, साठी ओलांडलेली नाही, आणि वाफांनी रात्रभर जाग येते, अशा बाईला सरसकट ‘घेऊ नका’ सांगणं चूक आहे.

‘आज्यांना झालं नव्हतं.’ ऐन थंडीत पदरानं वारा घेत बसणारी, रात्री दोनला उठून डबे पुसणारी आजी ज्यांच्या घरात नव्हती, त्यांनी हात वर करावा.

‘लाड सोडावेत.’ पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात. कमाटीबागेतल्या फेऱ्या चांगल्याच, पण हाडांना भारही लागतो: वजनं उचलणं, जिने चढणं. रोज 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं आणि पुरेशी प्रथिनंही. उपासाच्या साबुदाण्यात दोन्ही नावालाच. या वयात हे लाड औषधासारखे वेळेवर करायचे.

एवढ्या लांब मेसेजमध्ये ज्याची खरी गरज होती ती ओळ नाहीच. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी.