न लागलेल्या काजूचा पंचनामा

यंदा तुमच्याही काजूचा मोहर उन्हाने करपला असेल, तर भरपाई मागायला जरूर जा. जाताना जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधार, पासबुक आणि न लागलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, सोबत न्या.

हसू नका. गेल्या सोमवारी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून दोन बस बदलून एका कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "झाडं मोडली? वाहून गेली? मग पडलेलं काहीतरी दाखवा." म्हटलं, पडायला आधी लागायला नको? तर म्हणे, "जे लागलंच नाही त्याचा पंचनामा कसा करायचा?"

तेव्हा सल्ला पहिला: प्रत्येक फांदीवर पाटी लावा, 'येथे बी येणार होती'.

दुसरा: जमल्यास नॉर्वेत जन्म घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिफेनबॉ आणि बर्क या संशोधकांनी 2019 साली असलाच पंचनामा देशांचा केला. 1961 ते 2010 या काळात जग तापलंच नसतं, तर कोण किती कमावता, याचा अंदाज. भारताचं दरडोई उत्पन्न 31 टक्के कमी भरलं, सुदानचं 36 टक्के. नॉर्वेचं? 34 टक्के जास्त! त्यांच्या हिशेबात वर्षाचं सरासरी तापमान 13 अंश सेल्सियसच्या आसपास असलं की अर्थव्यवस्था खुशीत असते. थंड देश तापले की तिकडे सरकतात. आपण आधीच पलीकडे, आणखी लांब ढकलले जातो. बरं, हाच नॉर्वे 1971 पासून समुद्रातून तेल उपसतोय. तेल विकून कमावलं, ते जाळून जग तापलं त्यातही कमावलं. आणि इथे आमच्या हुराकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भट्टीला बोंडू नाहीत!

तिसरा: मार्च 2023 मध्ये गोव्यात उन्हामुळे शाळा दुपारी बाराला सोडल्या होत्या, काजू वेचणाऱ्या बायांनी शाळेत नाव घालावं.

चौथा: साहेबांच्या केबिनीत एसी आहे. अर्ज सावकाश भरा.

पाचवा... मरो ते सल्ले. साहेब, करपलेला मोहर दिसतो. काळा पडून फांदीला लोंबत असतो. गाडीतून उतरला असता तर दिसला असता. देशाचे 31 टक्केही कुठल्या उताऱ्यावर नाहीत, म्हणून ते गेलेच नाहीत? तुमच्या फॉर्मात रकाना नाही, तर रकाना घाला! त्याचा पगार घेता ना? म्हाताऱ्या माणसाचा कागद बोटाने परत ढकलताना लाज वाटली नाही?

अर्ज तुमच्या टेबलावरच ठेवून आलोय. पोच द्या.