पुढचा बार मऊ का केला आणि मागचा कडक का नाही: तुमच्या एका स्टारला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार द्यायचा तुमचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण तो वाचून आमच्या गॅरेजच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले, म्हणून उत्तर इथेच लिहितो, सगळ्यांसमोर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही मागचा स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणात गाडीचं कलणं कमी करणारी सळई) फुल कडक करायला सांगितलं होतं, तो आम्ही केला नाही आणि उलट पुढचाच मऊ केला. त्यातही बाराचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी डावी लिंक एका भोकात आणि उजवी दुसऱ्याच भोकात लावून ठेवली, म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा. तुम्हाला अर्धी सकाळ गाडीत बसवून ठेवलं. एवढं करून स्पीडब्रेकरवर गाडी खडखडते. आणि शेवटी, 'हेच काम दुसरीकडे अर्ध्या तासात होतं.'

गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. गोव्यात तशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, लोक लगेच ओळखतील. दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) आणि मागे दोन चाकांत ताकद वाटणारा साधा ओपन डिफरन्शियल, एवढं पुरे.

आधी भोकांचं बोलू, कारण हलगर्जीपणाचा शिक्का आमच्या पोरांवर बसलाय आणि ते मला चालणार नाही. तुमच्या पुढच्या बारला दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं आहेत. टोकाचं भोक सर्वांत मऊ, वाकाजवळचं सर्वांत कडक, कारण वाकापासून लिंकपर्यंतचा दांडा जितका आखूड तितका बार पिळायला जड. दांडा 200 मिलिमीटरचा 180 केला तर ताठरपणा 23 टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे एका भोकाची उडी लहान नसते. आम्हाला त्याच्या निम्मीच उडी हवी होती. अशा वेळी एक बाजू कडक भोकात ठेवतात आणि दुसरी मधल्या. बार शेवटी एकच स्प्रिंग आहे, दोन्ही चाकांना जोडलेली, त्यामुळे ताठरपणा दोन्हींच्या मधला मिळतो. ही पद्धत रेसिंगमध्ये रुळलेली आहे. तीन भोकांतून पाच पायऱ्या मिळतात त्या अशाच. फक्त त्यानंतर लिंकची लांबी नव्याने जुळवावी लागते, आणि ती आम्ही जुळवली आहे.

आता अर्धीच पायरी का, आणि तीही पुढे का. तुमची तक्रार होती की वळणात गाडीचं नाक बाहेर जातं, स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी. गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. मूळचा 22 मिलिमीटरचा पुढचा बार काढून तुम्ही 25 चा बसवून घेतलाय, आणि तोही सर्वांत कडक भोकात. भरीव सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. तीनच मिलिमीटर दिसतात, पण बार तब्बल दोन-तृतीयांशाने कडक झालाय. दुसरी गोष्ट टायरवर लिहिलेली होती. पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला जो बारीक त्रिकोण असतो, त्याच्याही खाली रबर घासलं होतं, आणि आतली कड मात्र जवळजवळ नवी. चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो. तिथे उजवी वळणं जास्त, सगळा भार डाव्या टायरांवर. ते टायर कडेवर पळत होतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मोजला तर निगेटिव्ह (चाकाचं वरचं टोक आत) अर्धा अंशसुद्धा भरला नाही. स्ट्रटच्या गाडीत बॉडी कलली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर जातो, आणि स्ट्रट त्यातला थोडाच भाग भरून देतो. हा कल बदलता येणाऱ्या कॅम्बर प्लेटा तुमच्या गाडीत आधीपासून होत्या, फक्त कुणी हलवल्या नव्हत्या. आम्ही अडीच अंश निगेटिव्ह दिला, टो (चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलेली आहे ते) पुन्हा सेट केला, आणि मग बाराला हात लावला. पूर्ण पायरी मऊ केला असता तर गाडी जास्त कलली असती आणि दिलेला कॅम्बर परत गेला असता. म्हणून अर्धी.

बाराबद्दल एक समज सगळीकडे आहे, तो तुमच्याही रिव्ह्यूत आहे: जाड बार, जास्त पकड. वळणात आतल्या चाकांचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. एकूण किती सरकणार हे गाडीचा वेग, वळणाचा घेर, वजनाची उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतात. बाराने तो आकडा बदलत नाही म्हणा ना. बार ठरवतो त्यातलं पुढच्या एक्सलने किती सोसायचं आणि मागच्याने किती. टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच मिळते. त्यामुळे ज्या टोकाला बार कडक, त्या टोकाची पकड आधी सुटते. तुम्ही पुढचा कडक करून घेतलात, नाक सुटायला लागलं. त्यावर उपाय म्हणून मागचाही कडक करून शेपूट सोडवायची, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. गाडी समतोल होईलही, पण दोन्ही टोकांना मिळून पकड कमी असलेली.

शिवाय तुमचा डिफरन्शियल ओपन आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणजे हलकं झालेलं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला. मागचा बार फुल कडक केला की हळू वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक उचलल्यासारखं होतं, अॅक्सिलरेटर दाबला की तेच भिरभिरतं आणि गाडी जागेवरच. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर वळणं एकामागून एक येतात, तिथे प्रत्येक वळणाला हे भोगावं लागलं असतं. आधी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक भिरभिरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) घाला, मग मागचा बार म्हणाल तेवढा कडक करून देतो. हे मी त्या दिवशीही बोललो होतो.

दुसरं कारण सरळ आहे. ट्रॅकवर जायला तुम्ही ट्रेलर वापरत नाही, हीच गाडी चालवत नेता. मागून कडक झालेली गाडी, पावसात, उतारावर, समोर ट्रक आला म्हणून पाय अचानक उचलला, तर शेपूट पुढे यायला वेळ लागत नाही. 'चोर्ला घाटात गाडी अजून सरळच जाते' असं तुम्ही लिहिलंय. सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकचे) टायर, तेही थंड, रस्ता ओला: त्यावरून कुठलंच सेटिंग कळणार नाही. आणि साहेब, स्पष्टच सांगतो, चोर्ला म्हणजे ट्रॅक नव्हे. तिथे तपासण्यासाठी आम्ही गाडी बांधत नाही.

गाडीत बसवून ठेवल्याचं. चारही चाकांखाली वजनकाटे होते, टाकी अर्धी होती, आणि ड्रायव्हरचं वजन ड्रायव्हरच्या सीटवर हवं होतं. गाडी उजव्या स्टिअरिंगची, तुम्ही उतरलात की सगळे आकडे सरकतात. बाराच्या लिंक आधी सोडायच्या, तिरकं वजन बघायचं, म्हणजे पुढचं एका बाजूचं चाक अधिक मागचं विरुद्ध बाजूचं, ते एकूण वजनाच्या निम्म्याजवळ आणायचं, आणि मगच लिंक जोडायच्या. तुम्ही बघत होतात की नाही माहीत नाही, पण पहिल्यांदा उजव्या लिंकचा बोल्ट काढला तेव्हा बाराचं टोक खाडकन खाली आलं. तो बार गाडी उभी असतानाच पिळलेला होता. डाव्या वळणात गाडी एक आणि उजव्यात दुसरीच, ही तुमची पहिल्या दिवसाची तक्रार त्यातूनच आली होती. आता लिंकची लांबी अशी आहे की बोल्ट नुसत्या बोटाने आत जातो. हातोडी लागली असती तर समजायचं, पीळ राहिलाय. ज्यांना थांबायला वेळ नसतो त्यांच्या सीटवर आम्ही उकड्या तांदळाची पोती ठेवतो. पण तांदूळ पाय पेडलवर ठेवून बसत नाहीत, म्हणून माणूसच बरा.

खडखड खरी आहे. तुम्ही आणलेल्या लिंकना रॉड एंड आहेत, धातूवर धातू, मध्ये रबर नाही. ट्रॅकवर त्यामुळे बार लगेच प्रतिसाद देतो, आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर त्या बोलतात. काम सुरू करण्याआधीच हे सांगितलं होतं आणि जॉबकार्डवर तसं लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे. आपल्या खाऱ्या हवेत रॉड एंड लवकर गंजतात, म्हणून त्यांना रबरी टोप्या घालून दिल्या आहेत. आवाज वाढत गेला तर मात्र लगेच आणा, वाढता आवाज म्हणजे झीज. चालतच नसेल तर रबराच्या लिंक बसवून देऊ, मजुरी घेणार नाही, लिंकचे पैसे पडतील.

अर्ध्या तासात बार बदलून मिळतो, हे खरंच. रोजच्या वापराच्या गाडीला आम्हीही तेवढ्यातच बसवून देतो. तुमच्या बिलात बार बसवण्याची मजुरी सर्वांत लहान आहे. बाकीचे पैसे मोजण्याचे, आणि त्या मोजणीत जे सापडलं त्याचे आहेत. ते परत करणार नाही.

पुढच्या ट्रॅक डेला जाताना एवढं करा. पहिल्या सेशननंतर पिटमध्ये येताच टायर गरम असताना चारही प्रेशर लिहून घ्या आणि डाव्या पुढच्या टायरचा तो त्रिकोण बघा. रबर त्रिकोणापर्यंत येऊन थांबलं असेल आणि नाक तरीही सुटत असेल, तर पुढच्या बारची कडक भोकातली लिंक तुम्ही स्वतः मधल्या भोकात घेऊ शकता. गाडी सपाट जागेवर हवी, आणि सीटवर तुमच्या वजनाचा कुणीतरी. बोल्ट बोटाने जात नसेल तर त्याच लिंकची लांबी थोडी फिरवा, नंतर लॉकनट घट्ट करा. एका वेळी एकच बदल, आणि तोही दोन सेशन चालवून बघा. कोणत्या भोकात काय होतं ते कळावं म्हणून बारावर पांढऱ्या पेंटच्या खुणा केल्या आहेत. मागच्या बाराला सध्या हात लावू नका.