विक्रीपूर्व नूतनीकरणाविषयी खुलासा

बाजार मंद असताना जुना फ्लॅट विकायचा असेल, तर आधी संपूर्ण नूतनीकरण करावे, कारण तो खर्च किमतीत भरून निघतो आणि करातूनही वजा होतो, असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. दोन्ही विधाने दिशाभूल करणारी आहेत.

भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला करपात्र फायदा, मोजताना घरात कायमस्वरूपी भर घालणारा किंवा बदल करणारा खर्च वजा करता येतो, तोही पावत्या जपून ठेवल्या असतील तर. रंगकाम, नळदुरुस्ती ही देखभाल ठरते आणि सुटे फर्निचर या हिशेबात येतच नाही. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन (दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या) नफ्यावरील कराचा दर 12.5 टक्के असून त्यात महागाई निर्देशांकाचा, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा, लाभ नाही. मात्र त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी करासाठी भारतात निवासी ठरणाऱ्या व्यक्तीला निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय आहे.

किमतीबाबत म्हणाल, तर तुमच्या आवडीचा ओटा आणि टाइल्स नवा मालक उखडून टाकण्याचीच शक्यता अधिक. अनुभवी गिऱ्हाईक न्हाणीघरालगतच्या भिंतीवर हात फिरवून ओल पाहते, खिडकीखालचे पोपडे पाहते. गळती न काढता वरून रंग फासला, तर पहिल्याच पावसात तो फुगतो (आणि सौद्यात घासाघीस वाढते ती वेगळीच).

त्यापेक्षा मूळ करारनामा, इंडेक्स दोन (दस्तनोंदणीचा उतारा), भागप्रमाणपत्र (गृहनिर्माण संस्थेचे शेअर सर्टिफिकेट), थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचे पत्र आधीच जमवावे.