टेम्पो मागे घेतला, टँकर आत आला

आज सकाळी सव्वासहाला आमच्या गेटात दोन गाड्या समोरासमोर अडकल्या. बाहेर निघालेला घरसामानाचा टेम्पो आणि आत शिरणारा पाण्याचा टँकर. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब पुण्यातली वाघोली सोडून चाललं होतं. गेट एकाच गाडीपुरतं, मागे स्कूलबसचा हॉर्न. शेवटी टेम्पोच मागे घ्यावा लागला, कारण गच्चीवरची टाकी रिकामी होती आणि टँकरवाला म्हणाला, "पाइप लावा, नाहीतर पुढच्या सोसायटीत चाललो." कपाट, गाद्या, पोराची सायकल, सगळा संसार पुन्हा पार्किंगमध्ये आला. टँकर रिकामा होईपर्यंत त्या घरातल्या काकू टेम्पोला टेकून उभ्या होत्या.

तेव्हापासून डोकं तापलंय. दुपारपर्यंत चौघांनी विचारलं, "आपणही घर विकून टाकायचं का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

पहिली गोष्ट. मेट्रो येतेय म्हणून थांबणार असाल तर ते कारण मनातून काढून टाका. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. वनाज-चांदणी चौक धरून दोन्ही तुकडे मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, मुदत चार वर्षं. चांगलंच आहे, मला आनंद आहे. पण खांब उभे राहणार ते याच नगर रस्त्यावर. बॅरिकेड लागले की एक लेन गेली, आणि केसनंद फाटा, आव्हाळवाडी फाटा, उबाळेनगर इथे एक लेन गेली म्हणजे काय होतं ते तुम्ही रोज बघता. दुसरं म्हणजे तुमची नोकरी कुठे आहे? येरवडा, पुणे स्टेशन, शिवाजीनगर या बाजूला असेल तर मेट्रोने दिवस बदलेल. खराडीच्या आयटी पार्कात किंवा मगरपट्ट्यात असेल तर स्टेशनवर उतरून पुन्हा रिक्षा आहेच. हिंजवडीला जाणाऱ्यांनी तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची तयारी ठेवून वेळ मोजावा.

वेळ मोजायचा म्हणजे खरंच मोजायचा. सोमवार ते शुक्रवार, घराचं दार ओढल्यापासून ऑफिसच्या दारापर्यंत, दोन आठवडे वहीत लिहा. एका पावसाळी दिवसाची नोंद त्यात हवीच. माणूस आठवणीतून सांगतो तेव्हा चांगला दिवस सांगतो. जाऊन-येऊन रोज तीन तास होत असतील तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ६६ तास झाले. घर बदलल्याने यातले निम्मे वाचणार आहेत का, एवढंच बघा. निम्मे वाचत नसतील तर रस्त्यासाठी घर बदलू नका.

राहायचं की जायचं हे वाघोलीत, मांजरीत, लोहगावात, धायरीत ठरतं ते पाण्यावर. हे मी सोसायटीच्या पंपरूममध्ये उभा राहून सांगतोय.

आकडे घ्या. माणशी १३५ लिटर हे रोजचं प्रमाण. १२० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे ४८० माणसं आणि ६४,८०० लिटर. १०,००० लिटरचे साडेसहा टँकर. टँकर १,००० रुपयांचा धरला तरी महिन्याला दोन लाखांच्या आसपास जातात, म्हणजे फ्लॅटमागे सोळाशे रुपये नुसत्या पाण्याचे. उन्हाळ्यात भाव चढतो तो वेगळा. आता त्या १३५ लिटरमधले ४५ लिटर संडासच्या फ्लशला लागतात. ते एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीतल्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या, पाण्यावर चालवले तर गरज ४३,२०० वर येते. रोजचे दोन टँकर वाचतात!

मग एसटीपी असूनही ते वाचत का नाहीत? बहुतेक सोसायट्यांत गोष्ट सारखीच आहे. वीजबिल कमी करायला कुणीतरी रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद करायला सांगतं. टाकीतल्या जिवाणूंना सतत हवा लागते. काही तास हवा तुटली की ते मरायला लागतात, वास सुटतो, फ्लशला काळपट पाणी येतं, ग्रुपवर फोटो पडतात, आणि समिती घाबरून फ्लशच्या टाकीला टँकरचं पाणी जोडून देते. तिथून पुढे एसटीपी शोभेचा. तुम्ही स्वतः तपासू शकता. साध्या एअरेशनच्या एसटीपीत हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या उभ्या काचेच्या मापात घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा. तळाशी २५० ते ३५० मिलीवर तपकिरी गाळ बसला आणि वर नितळ पाणी राहिलं तर यंत्रणा जिवंत आहे. गाळ काळा असेल किंवा बसतच नसेल तर ऑपरेटरला विचारा, ब्लोअर किती तास चालतो.

आणि टँकर मोजून घ्या. झाकण उघडून आत बघितल्याशिवाय पाइप लावू देऊ नका. जमिनीखालची टाकी चार बाय तीन मीटरची असेल तर १०,००० लिटरने पातळी ८३ सेंटिमीटर चढायला हवी. आत पट्टी रंगवून घ्या, पंप बंद ठेवून आधी आणि नंतर वाचा. सत्तरच चढली तर दीड हजार लिटर कमी आलंय. सही करू नका.

बोअर खोल मारा म्हणणारे दर उन्हाळ्यात भेटतात. आपल्याखाली बेसाल्ट आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यात असतं. भेग लागली तर दोनशे फुटांवर लागेल, नाही लागली तर आठशे फूट जाऊनही धूळच येईल. शेजारच्या पाच सोसायट्यांनी त्याच भेगेत बोअर घातले असतील तर तुमचा सहावा बोअर त्यांचंच पाणी ओढतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलीग्रॅम क्षार विरघळलेत, ते बघा. ५०० पर्यंत चांगलं, दुसरा पर्यायच नसेल तर २,००० पर्यंत मान्य. पण गीझरची कॉइल वारंवार जात असेल तर पाण्याचा कठीणपणा (हार्डनेस) वेगळा तपासून घ्या, टीडीएस मीटर तो दाखवत नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे त्यांनी हे नीट वाचा. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले ते सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी भागात. पाण्याकडे बोट गेलं ते उगाच नाही. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असेलच असं धरू नका. नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम उरायला हवं. क्लोरीन तपासायच्या ओटीच्या (ऑर्थोटोलिडिन) थेंबांची बाटली स्वस्तात मिळते. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंगच नाही आला तर नाही. नसेल तर १०,००० लिटरला ६० ते ८० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं, आणि अर्धा तास पंप लावायचा नाही. पावडरचं पोतं उघडं राहिलं की तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट बंद हवा. आज सकाळी हा अर्धा तास आम्हाला मिळाला नाही, कारण वरची टाकी कोरडी होती. टेम्पो मागे ढकलून आत घेतलेलं पाणी तसंच वर चढलं. हे लिहितानाही मला अस्वस्थ वाटतंय.

मान्य, टँकर बावधनलाही आहेत. मान्य, या पैशात कोथरूडला दोन बेडरूम मिळत नाहीत. पण याचा अर्थ गप्प बसायचं असा होत नाही.

आता विकणाऱ्यांसाठी. काकूंनी फ्लॅट विकलेला नाही, भाड्याने दिलाय, आणि स्वतः मुलाच्या ऑफिसजवळ भाड्याने गेल्या. सकाळी लोक "हरून गेले" म्हणत होते ते मला आवडलं नाही. त्यांनी हिशेब केलाय, बाकीचे रागात विकायला निघालेत.

हिशेब असा. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ४३,३९१. पाच वर्षांत तुम्ही २६ लाख भरलेत, आणि मुद्दल अजून ४४ लाख उरलंय. सहा लाखसुद्धा फिटलेले नाहीत. सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त असतं. म्हणजे ६० लाखांना विकलात तर हातात १६ लाख, त्यातून एजंट. वर ८० लाखांचं नवं घर शहरात घेतलंत तर सात टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो, ८० हजार रुपये, हे सोडू नका. काम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर पाच टक्के जीएसटी आणखी. भोगवटा पत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घराला तो लागत नाही. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही, कुणी मागितला तर देऊ नका. सोसायटीला हस्तांतरणाचं प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही, "ऐच्छिक देणगी" म्हणूनसुद्धा नाही. आणि जुन्या करपद्धतीत मुद्दलावर वजावट घेतली असेल तर ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विकू नका, ती सगळी वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात परत धरली जाते. एका महिन्याच्या घाईने हे नुकसान होतं.

भाड्याने देणं म्हणजे अकरा महिन्यांचा करार, नोंदणीकृतच. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेईल, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. अकरा महिन्यांत नव्या जागेचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघून होतो. तिथेही टँकर आला तर परतीचा रस्ता उघडा आहे. तिकडचं भाडं आणि इकडचा हप्ता दोन्ही पेलणं सगळ्यांना जमत नाही, हे खरं आहे.

ज्यांना जाणं जमत नाही, किंवा जायचंच नाही, त्यांच्यासाठी मी खरा चिडलोय. घर विकलं तर तुमची अडचण पुढच्याच्या गळ्यात. तो पुढचा बहुधा पहिलंच घर घेणारा, नवं लग्न झालेला मुलगा असतो. वाघोली ३० जून २०२१ ला इतर गावांबरोबर महापालिकेत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला वेगळी नगरपरिषद मिळाली म्हणून आपणही वेगळं व्हावं म्हणणारे आहेत. फलक बदलून जलवाहिनी येत नाही. आपल्या हातात काय आहे ते बघा. बांधकामाची परवानगी घेताना विकासक पाण्याचं हमीपत्र देतो, की नळजोड मिळेपर्यंत पाणी स्वतःच्या खर्चाने पुरवीन. तुमच्या इमारतीचं हमीपत्र कुणी वाचलंय? माहिती अधिकारात अर्ज करून परवानगीची पूर्ण फाइल मागा, हमीपत्रासकट. मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि त्यातल्या अटी हातात आल्याशिवाय भांडण उभंच राहत नाही.

दुसरं, मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे विकासक करून देत नसेल तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. जमीन अजून विकासकाच्या नावावर असेल तर उरलेला एफएसआयही (त्या जमिनीवर आणखी बांधायचा हक्क) त्याच्याकडेच राहतो, आणि उद्या त्याच आवारात आणखी एक इमारत उठली की तुमचे साडेसहा टँकर नऊ होतात. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे जातो. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा, मंजूर नकाशा, सभासदांची यादी आणि प्रत्येक फ्लॅटची इंडेक्स टू, म्हणजे खरेदीदस्ताच्या नोंदणीचा उतारा, लागते. अर्ज रखडतात ते इंडेक्स टूवर. दहा-बारा जणांची सापडत नाही, कुणी परदेशात असतं, कुणी प्रत बँकेत दिलेली असते. ती शोधायला बँकेत जायची गरज नाही, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांक आणि वर्ष टाकून मिळते.

टेम्पो गेला तेव्हा सात वाजून गेले होते. जाताना काकूंनी त्यांची इंडेक्स टू आणि वहिवाटीचे सगळे कागद माझ्याकडे दिले. म्हणाल्या, "फ्लॅट आमचाच आहे अजून, आमचं नाव यादीत राहू दे." भरून आलं.

१२० पैकी ७४ प्रती जमल्यात. रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये टेबल लावतोय. ज्यांची प्रत नाही त्यांनी दस्त क्रमांक तेवढा लिहून आणा, तिथेच काढून देतो. आणि ज्यांना विकायचंय त्यांनीही या, विक्री होईपर्यंत सही तुमचीच लागणार आहे.