‘जवळची गाडी’ तापीपल्याड का दिसली: दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय मी तीनदा वाचला. बाकीच्यांना विषय कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुमची बाग यावल तालुक्यात, नदीकाठी. केळीची कटाई ठरलेली, टोळी सकाळीच बागेत उतरलेली. आमच्या अ‍ॅपवर जवळची रिकामी गाडी शोधली तर बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं आणि मग ‘परिसरात गाडी नाही’ असं आलं. अर्ध्या तासाने एक गाडी दिसली, चार किलोमीटरवर. पण ती तापीच्या पल्याड, जळगाव तालुक्यात. ती विदगावच्या पुलावरून वळसा घालून येईपर्यंत दुपार झाली, घड उन्हात राहिले, व्यापाऱ्याने भाव पाडला. आणि त्याच वेळी किनगावला, तुमच्याच काठावर, एक गाडी रिकामी उभी होती हे तुम्हाला संध्याकाळी कळलं. तुम्ही विचारलंय, "तुमच्या अ‍ॅपला नदी दिसत नाही का?"

नव्हती दिसत. चूक आमची आहे, आणि एक नाही, तीन चुका आहेत.

किनगावची गाडी का दिसली नाही ते आधी. आम्ही तुमच्या बागेभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ धरायचो आणि त्याच्या आतल्याच गाड्या दाखवायचो. किनगावची गाडी वर्तुळाच्या जरा बाहेर होती, म्हणून ती आमच्या लेखी नव्हतीच. सावदा-फैजपूरकडे हंगामात दहा किलोमीटरमध्ये गाड्याच गाड्या असतात, तिथे हे वर्तुळ फार मोठं. सातपुड्याच्या पायथ्याला तेच वर्तुळ रिकामं. आकडा कितीही ठेवला तरी कुठेतरी चुकणारच होता, कारण शेतकरी ‘दहा किलोमीटरच्या आत काय आहे’ असं विचारतच नाही. तो विचारतो, ‘सगळ्यात जवळची कोणती?’ आम्ही त्याचा प्रश्न बदलून आमच्या सोयीचा प्रश्न सोडवत होतो. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसरी चूक उशिराची, म्हणजे ते चक्र फिरत राहण्याची. आमची सगळी माहिती पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असते, आणि त्यावर ठिकाणं-अंतरं हाताळणारी पोस्टजीआयएस ही जोड. गाड्यांच्या ठिकाणांवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठीची सूची, केलेला होता, पण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, अशी लिहिली होती की तो वापरलाच जात नव्हता. प्रत्येक शोधाला नोंदलेल्या एकूण एक गाडीचं अंतर काढायचं, मग गाळायचं, मग क्रम लावायचा. नंदुरबारच्या गाडीचंसुद्धा तुमच्या बागेपासूनचं अंतर काढलं जात होतं.

हा इंडेक्स म्हणजे एक झाड असतं. अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या आर-ट्रीच्या धर्तीचं: जवळजवळच्या गाड्यांचा एक चौकोन, अशा चौकोनांचा मोठा चौकोन, त्याच्यावर आणखी मोठा. सुरुवातीला अशा झाडाला ‘या चौकोनात कोण आहे’ एवढंच विचारता यायचं. सगळ्यात जवळचं कोण, हे झाडालाच विचारायची सोय पोस्टग्रेसच्या जिस्ट नावाच्या या झाडासारख्या इंडेक्समध्ये ९.१ या आवृत्तीत, २०११ साली आली. तेओदोर सिगायेव आणि टॉम लेन यांचं ते काम. म्हणजे साधन कधीचं हाताशी होतं, आम्ही ते वापरलं नव्हतं.

आता शोध असा चालतो. प्रत्येक चौकोनासाठी बागेपासूनचं कमीत कमी शक्य अंतर काढायचं आणि ते चौकोन अंतराप्रमाणे रांगेत लावायचे. पुढचा चौकोन उघडायचा, त्यातून निघालेले छोटे चौकोन आणि गाड्या पुन्हा त्याच रांगेत आपापल्या जागी घालायच्या. रांगेच्या तोंडाशी गाडी आली की तीच सगळ्यात जवळची, कारण मागे न उघडलेल्या कुठल्याही चौकोनात तिच्यापेक्षा जवळचं काही असूच शकत नाही. पुढची गाडी हवी असेल तर तिथूनच पुढे जायचं. वर्तुळ लागत नाही, आणि नंदुरबारचा चौकोन उघडावाच लागत नाही.

यात आम्ही दोनदा ठेचकाळलो तेही सांगतो. पहिल्या चाचणीत अंतर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजलं. आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, पण पूर्व-पश्चिम एक अंश १०४ च्या आसपास. त्यामुळे पूर्वेची-पश्चिमेची गाडी आहे त्यापेक्षा लांब ठरायची, आणि आपला खानदेश तर तापीच्या बाजूने आडवाच पसरलेला. आता अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मीटरमध्ये निघतं. दुसरं, हंगामात बहुतेक गाड्या भरलेल्या असतात. झाड क्रमाने जवळच्या गाड्या द्यायचं, आणि आपण ‘भरलेली, भरलेली’ म्हणत टाकून देत लांबवर जायचो. म्हणून आता फक्त रिकाम्या गाड्यांचा वेगळा इंडेक्स आहे.

आता नदी, म्हणजे तिसरी चूक. झाड सरळ रेषेतलं अंतर जाणतं. त्याला पूल माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण रस्त्याचं अंतर सरळ रेषेपेक्षा कमी कधीच नसतं, आणि या एका गोष्टीवर आम्ही दुरुस्ती उभी केली. झाडाकडून सरळ रेषेच्या क्रमाने एकेक गाडी घ्यायची आणि तिचं रस्त्याने किती पडतं ते काढायचं. हातात दहा गाड्या झाल्या तरी थांबायचं नाही. पुढच्या गाडीची सरळ रेषाच आपल्याकडच्या दहाव्या गाडीच्या रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त निघाली की मगच थांबायचं, कारण त्यापुढे जवळचं काही उरलेलं नसतं. तुमच्याच बागेच्या ठिकाणावर मी काल हे चालवून पाहिलं. किनगाव वर आलं, पल्याडची गाडी बरीच खाली गेली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ड्रायव्हरचा फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर आम्हाला त्याचं जुनंच ठिकाण माहीत असतं, आणि चुकीच्या ठिकाणावरून काढलेलं अचूक अंतर तुमच्या कामाचं नाही. तोवर प्रत्येक गाडीपुढे ‘ठिकाण किती वेळापूर्वीचं’ ते दाखवतोय. तासाहून जुनं असेल तर फोन करून खात्री केल्याशिवाय टोळी बोलावू नका.

त्या दिवशीचं बुकिंगचं शुल्क परत केलंय. भावात जे गेलं त्याची भरपाई त्यात होत नाही, हे मला कळतं. मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. व्यापाऱ्याची पट्टी जपून ठेवली असेल तर घेऊन या, फरकाचं समोर बसून बोलू. स्टार बदला असं मी म्हणणार नाही. पुढची कटाई ठरली की आदल्या दिवशी ऑफिसला फोन करा. सकाळी टोळी बागेत उतरायच्या आधी तुमच्या बागेची यादी मी स्वतः काढून बघेन, आणि पहिली गाडी नदीच्या कुठल्या काठाला आहे ते तुम्हाला फोनवर सांगेन.